सांगली ते सॅन फ्रान्सिस्को, व्हाया बुधवार

सांगली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर किती, असं मला कुणीही विचारलेलं नव्हतं. तरी मी ते सगळ्यांना सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं, बँकेत पासबुक भरून देणाऱ्या मुलीला सांगितलं, दातांच्या डॉक्टरांना तर त्यांचे दोन्ही हात माझ्या तोंडात असताना सांगितलं. मुलीनं आणि जावयानं ‘मे महिन्यात इकडे या’ म्हणून तिकिटं पाठवली होती, आणि जन्मभर हायस्कुलात भूगोल शिकवलेल्या माणसाला एवढं निमित्त पुरतं.

भूगोलाच्या मास्तराची अडचण अशी, की त्यानं जग शिकवलेलं असतं, पाहिलेलं नसतं. माझा सगळ्यात लांबचा प्रवास काशीपर्यंतचा, तोही रेल्वेनं, आणि त्यातला बराचसा वेळ इटारसीच्या फलाटावर गेलेला. विमान मी फक्त खालून बघितलं होतं. पण वर्गात मी मुलांना अँडीज ओलांडून नेलं होतं, सहारा तुडवायला लावला होता. तेव्हा अमेरिकेचं अंतर काढायला मला कोणाची मदत लागणार होती?

शाळेनं निर्लेखित केलेला जगाचा नकाशा निवृत्तीच्या वेळी मी घरी आणला होता. अंटार्क्टिकाला वाळवी लागली होती, बाकी जग ठीक होतं. तो बैठकीच्या खोलीत टांगला, मुंबईवर पट्टीचं शून्य ठेवलं आणि डावीकडे निघालो. अरबस्तान, आफ्रिकेची टोपी, अटलांटिक, मग अख्खी अमेरिका ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला सॅन फ्रान्सिस्को. प्रमाणानं गुणलं. उत्तर आलं एकवीस हजार आणि वर काही किलोमीटर. आठवडाभर हा आकडा मी गावात वाटला.

आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. टपाल खात्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांना अंतरांबद्दल एक उपजत संशय आहे. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि निरागसपणे विचारलं, “मास्तर, पृथ्वीचा परीघ किती हो?”

“चाळीस हजार किलोमीटर,” मी वर्गातल्या आवाजात सांगितलं, आणि सांगता सांगताच माझा आवाज बसला. चाळीस हजारांच्या गोळ्यावर कोणतीही दोन गावं एकमेकांपासून फार तर वीस हजार किलोमीटर लांब असू शकतात. त्याच्या पुढे गेलात की पलीकडच्या बाजूनं जवळच येऊ लागता. माझ्या हिशेबानं मी मुलगी पृथ्वीबाहेर दिली होती.

दोष नकाशाचा होता, असं मी पोस्टमास्तरांना सांगितलं. ते खरंही होतं. गेरार्डस मर्केटरनं १५६९ साली हा नकाशा खलाशांसाठी काढला. त्यावर सरळ रेघ मारली की होकायंत्राचा एकच कोन धरून जहाज हाकता येतं. पण ती रेघ सगळ्यात जवळची वाट नसते. शिवाय विषुववृत्तापासून वर-खाली जावं तसे प्रदेश त्यात फुगत जातात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. हे सगळं मला पाठ होतं. ‘मर्केटर प्रक्षेपणाचे दोष लिहा’ हा चार गुणांचा प्रश्न मी वर्षानुवर्षं सहामाहीला घातला आणि पोरांना दोनाच्या वर गुण दिले नाहीत. ती पोरं आता डॉक्टर, तहसीलदार वगैरे आहेत. त्यांच्यापैकी कुणाला माझी पट्टी दिसली नाही, ही देवाची कृपा.

मग नातवाचा जुना पृथ्वीगोल माळ्यावरून काढला आणि दोरा घेतला. गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणला की सगळ्यात जवळची वाट आपोआप मिळते. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणला तर तो डावीकडे गेलाच नाही. उजवीकडेही फारसा गेला नाही. तो सरळ वर निघाला! पंजाब, हिमालय, तकलामकानचं वाळवंट, अल्ताई पर्वत, अख्खा सैबेरिया, आर्क्टिक महासागर, आणि मग अलास्कावरून खाली. अंतर साडेतेरा हजार किलोमीटर. वाटेत दोरा उत्तरेच्या ७६ अंशांपर्यंत चढतो. माझ्या अंगावर काटा आला. सांगलीतला एक माणूस, टेंभू सिंचन योजनेचं पाणी कधी येणार याच्यावर भांडणारा, आर्क्टिकवरून जाणार होता.

जेट विमान ताशी नऊशे किलोमीटर जातं. साडेतेरा हजार भागिले नऊशे, पंधरा तास. हे मी पोस्टमास्तरांना कागदावर लिहून दिलं. त्याच उत्साहात दोन लोकरीचे स्वेटर, माकडटोपी आणि हातमोजे बाहेर काढले. बायको म्हणाली, “विमानाच्या खिडक्या बंद असतात ना?” मी म्हणालो, “सावधगिरी.” सांगलीत तेव्हा पारा चाळिशीच्या घरात होता.

तिकिटावर मात्र वेगळंच काही लिहिलं होतं. दिल्लीहून सुटणार गुरुवारी पहाटे तीनला, सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचणार गुरुवारी सकाळी सहाला. पोस्टमास्तरांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. “तीन तास,” ते म्हणाले. “आमच्या रजिस्टर्ड पत्राला शेजारच्या कुपवाडला जायला यापेक्षा जास्त लागायचे.”

मी त्यांना रेखावृत्तं समजावून सांगितली. पृथ्वी चोवीस तासांत तीनशे साठ अंश फिरते, म्हणजे तासाला पंधरा अंश. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरची, म्हणून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात ग्रिनिचच्या सात तास मागे. दोन्हींत फरक साडेबारा तासांचा. तेव्हा घड्याळातले तीन तास अधिक हे साडेबारा, एकूण साडेपंधरा तास. आणि त्यातही तिकिटावरची वेळ हवेतली नसते. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यामुळे माझे पंधरा तास बरोबरच. पोस्टमास्तर म्हणाले, “म्हणजे तुम्ही भागाकार केला तोही बरोबर आणि तिकीटही बरोबर?” त्यांच्या स्वरात अविश्वास होता. पुढे कळलं की तो योग्य होता.

एवढं सगळं ज्ञान असलेल्या माणसानं मुंबई ते दिल्ली विमानाचं तिकीट गुरुवार संध्याकाळचं काढलं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आहे, जावयानं ते ऐकून घेतलं नाही एवढंच. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. ‘गुरुवारी रात्री तीनला’ म्हटलं की कुणीही सरळ माणूस गुरुवारची संध्याकाळ गेल्यानंतरची रात्र धरतो. विमान कंपन्या मात्र मध्यरात्रीला वार बदलतात, आणि गुरुवार पहाट तीन म्हणजे बुधवारी झोपायच्या ऐवजी विमानतळावर बसायची वेळ. निघायच्या चार दिवस आधी व्हिडिओ कॉलवर जावई सहज म्हणाले, “बाबा, बुधवारी दिल्लीला पोहोचताय ना?” मी हातातलं वेळापत्रक हळूच कॅमेऱ्याबाहेर नेलं. आलेखाच्या कागदावर, तीन रंगांच्या शाईत काढलेलं होतं ते. तिकीट बदलण्याचा जो दंड पडला त्यात आणखी दोन स्वेटर आले असते.

बुधवारी पहाटे गाडीनं निघालो. कराडपर्यंत मी ड्रायव्हरला हवाई वाहतुकीचा इतिहास सांगितला. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून एकट्यानं छोटं विमान चालवत टपाल आणलं आणि ते जुहूला उतरवलं. जून १९४८ मध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. आपली ती पहिली लांब पल्ल्याची परदेशी सेवा. ड्रायव्हर म्हणाला, “गुरुजी, बेल्ट लावा.” खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे एक ट्रक आडवा झाला होता. तिथे आम्ही इतका वेळ उभे राहिलो की मी सिंगापूर ते न्यूयॉर्क या जगातल्या सगळ्यात लांबच्या थेट विमानसेवेची माहितीही देऊन टाकली: १५,३०० किलोमीटरहून जास्त, अठरा तासांवर, मध्ये कुठेही थांबा नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि विचारलं, “त्यांना वाटेत बोगदा नसंल?”

मुंबईला पोहोचायला संध्याकाळ झाली. चारशे किलोमीटरच्या आतलं अंतर, ताशी तीसचा वेग. मुंबई–दिल्ली साडेअकराशे किलोमीटर, दोन तासांत. त्यानंतर दिल्लीच्या विमानतळावर एका जागी बसून, शून्य किलोमीटर, पाच तास. प्रवासाची वेळ अंतरावर अवलंबून असते हे विधान मी फळ्यावर लिहिलं होतं, आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

अखेर विमान उडालं. मी खिडकीजवळ, मधे बायको, पलीकडे युबा सिटीला मुलाकडे निघालेल्या एक पंजाबी आजी. मी स्वेटर चढवला, माकडटोपी मांडीवर तयार ठेवली आणि समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा लावला. आता विमान डावीकडे वळणार, हिमालय ओलांडणार. बायकोला मी दोऱ्याची वाट पुन्हा एकदा सांगितली. आजींनाही हिंदीतून सांगितली. पडद्यावरचं विमान लखनौवर आलं. मग वाराणसीच्या बाजूला सरकलं. मग पाटणा.

पाटणा? मी ताठ बसलो. अमेरिकेला जायला निघालेलं विमान पाटण्याला काय करतंय? वर्गात कुणी चुकीच्या दिशेनं निघालं की मला गप्प बसवत नाही. मी डोक्यावरचं बटण दाबलं. एअर होस्टेस आली. तिला मी हळू आवाजात, घबराट होऊ नये अशा बेतानं म्हटलं, “मॅडम, पायलटसाहेबांना जरा कळवा. अमेरिका त्या बाजूला आहे.” आणि डावीकडे बोट दाखवलं. बोट बायकोच्या नाकावरून आजींच्या दिशेला गेलं.

ती मुलगी शिकवलेल्या पोरींसारखी शांत होती. “सर, वुई ऑलवेज गो धिस वे,” ती म्हणाली आणि पाणी आणून दिलं. आजी डोळे न उघडता म्हणाल्या, “भाईसाहब, ये तो ऐसे ही जाता है. सो जाओ.” आजींची शाळा चौथीत सुटली होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. वाट त्यांना पाठ होती. बंगाल, मग ब्रह्मदेश, चीन, जपान, आणि तिथून सगळा पाण्याचा देश, असं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. तसंच झालं. मी स्वेटर काढला.

हे असं का, ते मी पुढे मुलीकडे बसून शोधलं, आणि सांगायला हरकत नाही की ते समजल्यावर माझा राग गेला. दोऱ्याची वाट हिमालय आणि तिबेटवरून जाते, आणि तिथे विमानांना फार फिरकायला आवडत नाही. आतला हवेचा दाब गेला तर पायलटला विमान झटकन दहा हजार फुटांच्या आसपास खाली आणावं लागतं, कारण डोक्यावर लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटचं पठारच त्याहून उंच. खाली आणणार कुठे?

पण खरी गंमत वाऱ्याची. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे झोत वाहत असतात. हिवाळ्यात जपानच्या आसपास ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातात. त्यात शिरलेलं विमान स्वतःच्या नऊशेच्या वेगानंच जातं, पण हवाच पुढे सरकत असल्यामुळे जमिनीवरून मोजलं तर ताशी हजारावर भरतं. २०१६ साली एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकची बाजू सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट हजार किलोमीटरहून अधिक लांबली, १५,३०० किलोमीटरच्या घरात गेली, आणि प्रवास तासा-दोन तासांनी कमी झाला. साडेचौदा तासांत विमान पोहोचू लागलं. जास्त लांबची वाट लवकर पोहोचवते, हे पोस्टमास्तरांना पटवायला मला पुढे तीन चहा लागले.

हे वारे पहिल्यांदा नीट मोजले ते वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं, १९२० नंतरच्या काही वर्षांत, फुगे सोडून. जगातल्या सगळ्यांना कळावं म्हणून त्यानं आपला अहवाल १९२६ साली एस्परांतो या आंतरराष्ट्रीय म्हणून बनवलेल्या भाषेत छापला. त्यामुळे तो जवळजवळ कुणीच वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर गेली तेव्हा त्यांना त्या वाऱ्यांनी भलतीकडे रेटलं, मग जग जागं झालं. ओइशींबद्दल मला फार आपुलकी वाटली. माझंही आयुष्य कुणी न ऐकणाऱ्या माहितीतच गेलेलं आहे.

आता उपवास.

आमच्या हिचा दत्ताचा गुरुवार असतो. सकाळपासून काही नाही, एखादं केळं, चहा. संध्याकाळी दिवेलागणीला सोडायचा. चीनवर कुठेतरी सूर्य उगवला आणि तिनं पर्समधलं केळं काढलं. आपण सूर्याच्या दिशेनं चाललो असल्यामुळे दिवस आखूड होणार, एवढं मी तिला सांगितलं होतं. पण किती आखूड, ते मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या घड्याळात, म्हणजे सांगलीच्या वेळेनं, दुपारचे साडेबारा वाजले आणि खिडकीबाहेर अंधारायला लागलं. जपान मागे पडलं होतं, खाली पॅसिफिक. बायकोनं बाहेर पाहिलं, हात जोडले, “झाली दिवेलागण,” म्हणाली आणि एअर होस्टेसला खूण करून जेवण मागवलं.

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण पडद्यावर आंतरराष्ट्रीय वाररेषा जवळ येत होती आणि ती मी उभ्या आयुष्यात फक्त तुटक रेघ म्हणून पाहिली होती. एकशे ऐंशी अंश. पूर्वेकडे जाताना ती ओलांडली की एक वार मागे यायचं. “आता,” मी तिला म्हणालो, “गुरुवारची संध्याकाळ संपली. ही बुधवारची संध्याकाळ.”

तिनं घास थांबवला. “बुधवार तर काल झाला.”

“पुन्हा लागला.”

“आणि उद्या?”

“मध्यरात्रीनंतर गुरुवार. आपण उतरू तेव्हा गुरुवार सकाळ असेल.”

“म्हणजे परत उपवास?”

माझ्यातला मास्तर हरखला. मी म्हणालो, शास्त्रानं पाहिलं तर हो. आपला हा गुरुवार एकूण साडेछत्तीस तासांचा आहे. वर तिला १५२२ सालची गोष्ट सांगितली. मॅगेलनच्या ताफ्यातलं ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज पृथ्वीला फेरी मारून परत येत होतं. मॅगेलन स्वतः आदल्या वर्षीच फिलिपिन्समध्ये मारला गेला होता. केप व्हर्दे बेटांवर माणसं धान्य आणायला उतरली, तर किनाऱ्यावरचे लोक म्हणाले आज गुरुवार. जहाजावर तर बुधवार! रोजच्या रोज नोंद ठेवणारा अँटोनिओ पिगाफेट्टा चक्रावून गेला. त्यानं एकही दिवस चुकवला नव्हता. ते पश्चिमेकडे गेले म्हणून त्यांचा एक दिवस हरवला. “आपण पूर्वेला चाललोय,” मी म्हणालो, “म्हणून आपल्याला एक जास्तीचा मिळतोय. बघ, वारही तेच, बुधवार-गुरुवार!”

मला वाटलं होतं ती थक्क होईल. ती म्हणाली, “सूर्य उगवला. सूर्य मावळला. माझा गुरुवार संपला. त्या खलाशांचं त्यांना बघू दे.” आणि दही संपवलं. पलीकडून आजी म्हणाल्या, “बिलकुल सही.”

उतरलो तेव्हा खाडीवर नुकतं उजाडत होतं. एका गुरुवारात दुसरा सूर्योदय. इमिग्रेशनची रांग इतकी लांब की विमानानं वाऱ्यावर कमावलेला वेळ तिथे परत भरून द्यावा लागला. माझा नंबर आला. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट चाळला आणि विचारलं, “हाउ लाँग?”

दोन महिने मी या प्रश्नाची तयारी केली होती. दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत कुणी तो विचारला नव्हता, आणि आता अमेरिकेचं सरकार विचारत होतं. मी म्हणालो, “फिफ्टीन अँड हाफ अवर्स, सर.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “फिफ्टीन अवर्स?”

“अँड हाफ,” मी दुरुस्ती केली. “बिकॉज ऑफ विंड.”

त्यानं हातातला शिक्का खाली ठेवला. मी अमेरिकेत साडेपंधरा तासच राहणार आणि वारा पडला की निघणार, असा त्याचा समज झाला होता. बायकोनं मला कोपरानं बाजूला केलं, “फाइव्ह मंथ्स. डॉटर्स हाउस,” म्हणाली आणि विषय संपवला. तिला इंग्रजी बोलायची सवय नाही, पण जे विचारलंय त्याचं उत्तर द्यायची आहे.

मुलीनं आल्या आल्या ताटं वाढली. पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं. मी अजून सावरलो नव्हतो, तरी सवयीनं तोंडातून गेलं, “आज गुरुवार आहे बरं का.” भिंतीवरच्या कालनिर्णयातही गुरुवारच होता. बायको पोळीवर तूप घेत म्हणाली, “मी माझा विमानात पार पाडला. यांचा चालू आहे, साडेछत्तीस तासांचा. यांना थोडी साबुदाण्याची खिचडी कर.” मुलीला वाटलं बाबांनी खरंच उपवास धरलाय. ती कौतुकानं उठली आणि खिचडी केली. वडिलांनी या वयात व्रत घ्यावं याचं जावयांनाही बरं वाटलं. ते वाटणं मोडायचा धीर मला झाला नाही. मी खिचडी खाल्ली, तेही पुरणाच्या वासात.

त्यानंतर बरेच दिवस आम्ही रात्री दोनला टक्क जागे आणि दुपारी चारला गाढ झोपेत. शरीरातलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, म्हणून पश्चिमेकडे जाताना ते सहज लांबवता येतं. पूर्वेकडे जाताना आखडावं लागतं आणि ते कुरकुरतं. माझ्या रक्तदाबाच्या गोळीवर डॉक्टरांनी ‘सकाळी एक’ लिहिलं होतं. एका गुरुवारात दोन सकाळी आल्यावर मी गोळी हातात घेऊन विचार करत बसलो. जावयांनी फोनवर आमच्या डॉक्टरांनाच विचारलं. वार-बिर सोडा, चोवीस तासांत एक घ्यायला सांगा, असं त्यांनी कळवलं.

ऑक्टोबरात परत निघालो. परतीचं तिकीट कोणत्या वाराचं काढायचं ते बायकोनं ठरवलं: गुरुवार, सकाळी दहाचं. मला वाटलं दत्ताचा वार म्हणून. विमान पश्चिमेला निघालं आणि दिवस संपेचना. आपण सूर्याच्या मागे लागलो की तो मावळायचं नाव घेत नाही. तासन्‌तास ऊन तसंच. मी मनातल्या मनात म्हटलं, आता कळेल दिवेलागण म्हणजे काय ते. काही तासांनी वाररेषा आली. हिनं पडद्याकडे पाहिलं, मला विचारलं, “ओलांडली का?” मी म्हणालो, ओलांडली.

“म्हणजे शुक्रवार लागला.”

“हो, पण सूर्य अजून वर आहे,” मी म्हणालो.

“असू दे की. तुमच्या शास्त्रानं शुक्रवार झाला ना?” तिनं एअर होस्टेसला खूण केली. जाताना सूर्य मानला, येताना रेषा मानली, आणि दोन्ही वेळा जेवली. येताना वारा समोरून होता, त्यामुळे सोळा तासांवर वेळ गेला. ताट आलं तेव्हा मी कशावरच काही बोललो नाही.

आता पोस्टमास्तर लोकांना हिच्याकडेच पाठवतात. उन्हाळा आला की गावातले आईवडील मुलांकडे निघतात, आणि ही त्यांना अर्ध्या तासात सगळं सांगून मोकळी होते. तिच्याच सूचना इथे देतो. तिकिटावर पहाटे तीनची वेळ असेल तर आदल्या रात्रीच विमानतळावर जा. गोळ्या कधी घ्यायच्या ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. खिडकीतल्या साहेबानं ‘हाउ लाँग’ विचारलं तर महिने सांगा. आणि शेजारी भूगोलाचा मास्तर बसला, तर विमान सुटायच्या आत एअर होस्टेसला सांगून जागा बदलून घ्या.